सूनबाईच्या गाडीची नळी

आमच्या व्याह्यांना लोक भिंगरी म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत आहे आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. पायाला भिंगरी लावलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ती निदान कुठेतरी जात तरी असतात. हे गृहस्थ जागच्या जागी फिरतात. माझ्या दुकानात आले की स्टुलावर टेकतात, लगेच उठतात, खडू उचलून स्वतःच्याच तळहातावर रेघ मारतात, कात्रीची उघडझाप करतात, दारापर्यंत जातात, परत येतात आणि मग मलाच विचारतात, "मास्तर, चाललंय काय?" चाललंय काय! मी शिंपी माणूस. माझा धंदाच मुळी बसून करायचा. बूड स्थिर असल्याशिवाय टाका सरळ पडत नाही, असं माझे वडील सांगायचे. या माणसाच्या सहवासात माझे जेवढे टाके वाकडे गेले, तेवढे मोतीबिंदू झाला असता तरी गेले नसते.

त्यांचं वर्कशॉप माझ्या दुकानासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळ्या करतात. इंजिनापासून निघून गाडीच्या पोटाखालून मागे जाते ती धुराची नळी. ती वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती पडू न देणारा हात आमच्या भागात हा एकच. सुरकुती पडली की धूर तिथे अडतो, हे मला त्यांनी समजावलं, आणि मला ते लगेच पटलं. बाहीच्या काखेत चुणी पडली की हात अडतोच ना. वेल्डिंगची टॉर्च हातात आली की मात्र हा माणूस खांबासारखा उभा राहतो. जोड पुरा होईपर्यंत पापणीसुद्धा लवत नाही. जोड झाला, की पुन्हा भिंगरी सुरू.

पण स्वतःच्या कामात स्थिर राहणं वेगळं आणि दुसऱ्याच्या कामासाठी नुसतं धरून उभं राहणं वेगळं. ते दुसरं त्यांना कधीच जमलं नाही. लहानपणी त्यांच्या उस्तादांनी त्यांना नळी धरायला उभं केलं, तर इतके हलले म्हणे, की उस्तादांनी वैतागून टॉर्चच यांच्या हातात दिली आणि स्वतः नळी धरली. असे हे कारागीर झाले. चांगलं न वागून भलं झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांना धरायला माणूस मिळाला तो घरातलाच, त्यांची मुलगी. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि जाड हातमोजे घालून नळीचं टोक धरायची. हे जोड मारायचे आणि ओरडायचे, "हलू नकोस!" रस्त्यापलीकडे माझ्या मशीनवर ते ऐकू यायचं. पोरगी डोळे मिटून, मान वळवून उभी. वर्षानुवर्षं ते एकच वाक्य: हलू नकोस. मोठी झाल्यावर ती एकदा म्हणाली, "बाबा, आजचा जोड मी मारते." हे म्हणाले, "तू धर. तेवढं पुरे. डोळे जातील." तिने विचारलं, तुमचे डोळे काय शेजाऱ्याचे आहेत? त्यावर यांनी नुसता आवाज चढवला. तिने हातमोजे काढून बाकड्यावर ठेवले आणि गेली. दुसरीकडे काम शिकली, मंडईपलीकडच्या एका गॅरेजात नोकरीला लागली, आणि पुढे माझ्या मुलाशी लग्न करून माझ्या घरात आली. म्हणजे दुकानाच्या वरच्या माडीवर, वर्कशॉपच्या बरोब्बर समोर. बापलेक रोज एकमेकांना दिसायचे, आणि बोलायचे ते औषधाच्या गोळ्या घेतल्या का, एवढंच. तिच्या हातचा जोड यांनी पाहिला नव्हता आणि ती यांच्या वर्कशॉपची पायरी चढली नव्हती.

माझा मुलगा माझ्यावर गेला आहे. बसला की बसला. सूनबाई मात्र बापाची. घरात कधी एका जागी नाही. तिने एक जुनी लहानशी गाडी घेतली आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यात टर्बो बसवत बसली. टर्बो म्हणजे काय ते मला असं कळलंय: इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्याच जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने इंजिनात आणखी हवा कोंबायची. म्हणजे गाडीने स्वतःच्याच उच्छ्वासावर पळायचं. यात तिची कितीतरी वर्षं गेली. माझा मुलगा शेजारच्या सीटवर बसून, वरची मूठ घट्ट धरून, "छान आहे, छान आहे," म्हणायचा. भीतीने म्हणायचा, पण मनापासून म्हणायचा.

तर ती गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. तपासणी अधिकारी म्हणाले, एक संधी आणखी देतो. त्यात पास झाली तर टर्बोची नोंद कागदावर चढेल. नाहीतर टर्बो काढा, गाडी मूळ होती तशी करून आणा. पुढची तारीख दिली. त्या दिवशी सूनबाई जेवली नाही. कपाट उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. मला एकदम व्याही आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्ता ओलांडून गेली आणि मी सुई हातात धरून दारात उभा राहिलो. उगाच कशाला खोटं बोलू, कान देऊनच उभा होतो.

"काम आहे," ती म्हणाली.

"बस," व्याही म्हणाले. स्वतः बसले नाहीत. तीही बसली नाही.

तिला पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत नवी नळी हवी होती, आणि त्या नळीत कन्व्हर्टर. कन्व्हर्टर म्हणजे धुराची गाळणी. स्टीलचा एक लांबट डबा, आत बारीक भोकांची जाळी, आणि जाळीवर महागड्या धातूंचा मुलामा. धूर त्यातून जाताना त्यातलं विष तिथल्या तिथे जळून जातं. पण जाळी जितकी दाट, तितका धूर अडणार, आणि धूर अडला की टर्बोचा पंखा मरगळणार. म्हणून मोकळ्या जाळीचे खास कन्व्हर्टर मिळतात. आता मोकळी म्हणजे किती मोकळी, यावरून बापलेकीत जे सुरू झालं, ते आठवडाभर चाललं. मी मध्ये. म्हणजे अक्षरशः मध्ये, कारण दोघांना एकमेकांशी बोलायची सवय राहिली नव्हती.

"मास्तर, तिला सांगा, दाट जाळीचा घे. चिनी मातीची जाळी, जुनी ओळखीची. तपासणीत डोळे मिटून पास."

"अप्पा, त्यांना सांगा, त्या जाळीत टर्बो गुदमरून जाईल. मला पातळ पत्र्याची जाळी हवी. भोकं मोठी, भिंती पातळ, लवकर तापते. तापली की काम सुरू."

"आणि तपासणी?"

"टर्बोच्या मागे फार लांब नाही बसवायची. लांब गेली तर धूर थंड होतो आणि जाळी नुसती बसून राहते. जवळ बसवायची. पण अगदी चिकटून नाही, नाहीतर वितळेल."

विक्रेत्याने नमुने पाठवले होते. व्याही एकेक डबा उचलायचे, खिडकीच्या उजेडाकडे धरून आरपार बघायचे, मग तोंडाला लावून फुंकायचे आणि पलीकडे तळहातावर वारा किती लागतो ते पाहायचे. ही त्यांची पद्धत. एक स्वस्तातला डबा होता, त्याची जाळी चांगलीच मोकळी. त्यांनी फुंकला, आत नखाने हलकेच टोकरलं आणि बाजूला ठेवला. "मुलामा नावाला," म्हणाले. सूनबाईनेही तो हातात घेतला आणि तिनेही तिथेच ठेवला. तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं आणि दोघांनाही त्याचं आश्चर्य वाटलेलं मी पाहिलं.

बाकी व्याह्यांचं चित्त काही थाऱ्यावर येईना. सकाळी म्हणायचे, तिचं बरोबर आहे. दुपारी म्हणायचे, छे, दाटच. रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचे, माझी बटणांची डबी सांडायचे, गोळा करता करता म्हणायचे, "मास्तर, नापास झाली तर ती मला काय म्हणेल?" मी म्हणालो, "डबा ती निवडतेय, तुम्हाला कशाला म्हणेल?" तर म्हणाले, "तेच तर. मग ती स्वतःला म्हणेल." आणि गेले.

शेवटी सूनबाईने पत्र्याच्या मोकळ्या जाळीचा डबा निवडला. व्याही म्हणाले, "तुझी गाडी, तुझं डोकं." पण त्यांनी तो डबा हातात घेतला तो अगदी जपून. वर्कशॉपमध्ये घासायचं काम चालतं, लोखंडाची धूळ उडते. ती जाळीत जायला नको, म्हणून माझ्याकडून फ्लॅनेलचा मऊ तुकडा मागून घेतला, डबा त्यात गुंडाळला आणि माझ्याच कपाटात, अस्तरांच्या गठ्ठ्यामागे ठेवला. "शेवटच्या जोडाला नेईन," म्हणाले.

तोवर काम कशावर करायचं? त्याचीही त्यांची एक रीत आहे. खऱ्या डब्याच्या मापाचा एक पोकळ डबा ते पत्र्यातून करून घेतात आणि त्याच्यावर सगळी नळी जुळवतात. नळी ठोकायची, फिरवायची, गाडीखाली लावून बघायची, काढायची, हे सगळं त्या पोकळ डब्यावर. आम्ही नाही का, भारी कापडाला कात्री लावण्याआधी स्वस्तातल्या मांजरपाटावर कोट बेतून बघत. सगळं जुळलं की पोकळ डबा कापून काढायचा आणि खरा बसवायचा. फरक इतकाच, की मांजरपाटाचा कोट बघताक्षणी कळतो. यांचा पोकळ डबा खऱ्यासारखाच चकचकीत दिसत होता, कारण मुलीची गाडी म्हणून तोसुद्धा यांनी घासून पुसून केला होता.

नळी न्यायच्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या घरी मापं घ्यायला गेलो होतो. परत आलो तेव्हा सूनबाई गाडी घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि वळून परत आली. गाडीचा आवाज मोकळा, भरदार. ती काच खाली करून ओरडली, "बाबा! केवढी मोकळी झाली! आजपर्यंत अशी कधीच पळाली नव्हती!" बाबा म्हणाली. थेट त्यांना. मधल्या माणसाशिवाय. व्याह्यांनी नुसता हात वर केला. मग ती म्हणाली, "जरा वास येतोय, पण नवी नळी आहे, तेल जळत असेल." आणि गेली.

मला वाटलं, आता तरी हा माणूस निवांत बसेल. कसलं काय! त्या दिवसापासून त्यांची चुळबूळ दुप्पट. माझ्याकडे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "मास्तर, काहीतरी राहिलंय."

"काय राहिलंय?"

"ते कळलं असतं तर राहिलं असतं का?"

घरातला गॅस बघून यायचे, वर्कशॉपचं कुलूप ओढून बघायचे, पाना-पक्कड मोजायचे. सूनबाईची गाडी रस्त्यावरून गेली की काम टाकून दारात यायचे आणि ती दिसेनाशी झाली तरी तिकडेच बघत राहायचे. "आवाज जरा जास्तच मोकळा नाही का?" म्हणायचे. मी चिडून म्हणालो, "अहो, मोकळा हवा म्हणून तर आठवडाभर भांडलात. पोरीने एवढं कौतुक केलं, ते तरी अंगाला लागू द्या." ते ओशाळले. "तेच तर लागत नाहीये," म्हणाले.

तपासणीच्या आदल्या दिवशी, दुपारी, मला एका जाकिटासाठी अस्तर हवं होतं. गठ्ठा ओढला आणि मागून काहीतरी जड घरंगळून आलं. फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं. मी ते दोन्ही हातांनी उचललं, पदर बाजूला केला, आणि आतली जाळी माझ्याकडे बघत होती.

मी शिंपी असलो तरी मला एवढं कळतं, की खरा डबा माझ्या हातात असेल, तर गाडीखाली कोणता आहे.

मी हाक मारली नाही. ते स्वतःच आले, रोजच्यासारखे, "मास्तर, काहीतरी..." म्हणत. टेबलावरचा डबा त्यांनी पाहिला आणि वाक्य तिथेच राहिलं. हात पुढे झाला, मागे गेला. मग हळूच म्हणाले, "ती लवकर आली होती. तिथेच उभी होती, बाकड्याशी, पूर्वी उभी राहायची तिथे. मी सगळी नळी काढून शिकंज्याला लावली, टॉर्च पेटवली, आणि... आणि मला वाटलं ती बघतेय, तर जोड असा पडला पाहिजे की... मी जोडच मारत गेलो, मास्तर. पोकळ डब्यावर. एवढा सुंदर जोड मी आयुष्यात मारला नसेल."

मग त्यांचं सुरू झालं. दारापर्यंत, परत. दारापर्यंत, परत. "तुम्ही तिला सांगा, एक जोड तपासायचाय, गाडी तासभर दे. मी बदलतो. तिला कळणारही नाही."

"तिला कळणार नाही? उद्या गाडी जड झाली तर त्या पोरीला कळणार नाही?"

पुन्हा दारापर्यंत. परत.

माझी जीभ काही बरी नाही. मी म्हणालो, "आणखी एक मार्ग आहे. काहीच करू नका. उद्या गाडी नापास होईल, ती समजेल तिच्याच मोकळ्या जाळीने घात केला, टर्बो निघेल, आणि तुम्ही खरे ठराल. दाट जाळी घे म्हणून तुम्ही सांगितलंच होतं."

ते थांबले. इतक्या रागाने त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. फ्लॅनेलसकट डबा उचलून छातीशी धरला आणि चालू लागले. मी दुकान तसंच उघडं टाकून मागे. एकटं सोडलं असतं तर हा माणूस गॅरेजपर्यंत पोचला नसता, सगळ्या गावाला प्रदक्षिणा घालून परत आला असता. वाटेत तीनदा माघारी वळले, आणि दर वेळी मी कोपर धरून सरळ केले. तान्हं मूल दवाखान्यात नेताना बाप जसा धरतो, तसा त्यांनी तो डबा धरला होता.

गॅरेजात गाडी मधोमध उभी. बॉनेट उघडं. सूनबाई तिच्या मालकाला आणि बरोबरच्या कारागिरांना आवाज ऐकवत होती. आम्ही दारात होतो, तिची पाठ आमच्याकडे. ती म्हणत होती, "ऐका, ऐका. कुठे अडखळतेय का? माझ्या बाबांनी केलीय नळी. असा हात दुसरा नाही."

मला वाटलं, आता हा माणूस पळणार. मीच पळालो असतो. आयुष्यभर ज्या शब्दांची वाट बघितली, ते कानावर पडावेत, आणि ते एका रिकाम्या डब्यासाठी असावेत! त्यांचे पाय नुसते जागच्या जागी हलत होते. मग ते आत गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले,

"बंद कर गाडी."

तिने वळून बघितलं.

"गाडीखाली पोकळ डबा आहे. खरा हा. बसवायचा राहिला. चूक माझी आहे."

तिने लगेच इंजिन बंद केलं, एक पाना घेतला, गाडीखाली शिरली आणि डब्यावर टक्कन मारलं. आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. गॅरेजातला एक जण हसला, मालकांनी त्याच्याकडे बघितलं, आणि तो गप्प झाला. सूनबाई बाहेर आली. चेहरा लाल झाला होता.

"इतके दिवस मी हे मिरवत फिरतेय," ती म्हणाली. "मला वाटलं माझी निवड बरोबर निघाली. म्हणजे माझी जाळी चांगली की वाईट, हे अजून कुणालाच माहीत नाही? आणि उद्या सकाळी तपासणी?"

"हो."

"मलाही कळलं नाही. मी गाडी चालवते आणि मलाही कळलं नाही." हे ती स्वतःवरच चिडून म्हणाली. मग बापाकडे वळली. "तुमच्या हातून असं कधी होत नाही. मी घाई केली का? मी बोलले काही?"

"तू काही नाही बोललीस. तू नुसती उभी होतीस." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "इतक्या वर्षांनी तू बाकड्याशी उभी होतीस. तुला माझा जोड आवडेल की नाही, एवढंच डोक्यात होतं. डब्याकडे लक्षच गेलं नाही."

सूनबाईने डोळे पुसले, तेही बाहीने, आणि तिच्या गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. मग गाडीची किल्ली उचलली. "चला," म्हणाली. "संध्याकाळ व्हायच्या आत झालं पाहिजे."

वर्कशॉपमध्ये नळी उतरवली. तो सुंदर जोड तिनेच ग्राइंडरने कापला, आणि व्याही दुसरीकडे बघत उभे राहिले. पोकळ डबा बाजूला पडला, खरा त्या जागी बसला. नळीचं एक टोक शिकंज्यात, पण दुसरं टोक वळणामुळे अधांतरी. ते कुणीतरी हाताने धरल्याशिवाय जमत नाही, आणि धरणारा केसभर हलला तर डबा तिरका बसतो. सूनबाई सवयीने हातमोज्यांकडे गेली. जुनेच हातमोजे, त्याच बाकड्यावर.

व्याह्यांनी टॉर्च उचलली. हात थरथरत होता. टॉर्च हातात असताना थरथरणारा त्यांचा हात मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनीही बघितला. एकदा टॉर्च खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग हेल्मेट आणि टॉर्च दोन्ही तिच्यापुढे धरलं.

"तू मार. मी धरतो."

तिने दोन्ही हातात घेतलं. मी मनात म्हटलं, झालं! मेला तो डबा. या माणसाला धरायला लावणं म्हणजे वाऱ्याला गाठ मारायला लावणं. पण त्यांनी हातमोजे चढवले, नळीचं टोक धरलं, मान वळवली आणि डोळे मिटले. ती उभी राहायची तसेच.

हेल्मेट खाली ओढताना सूनबाई म्हणाली, "बाबा, हलू नका."

मी दारात जाऊन उभा राहिलो आणि डोळ्यांवर हात आडवा धरून त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. त्या पायांना मी चांगलाच ओळखतो. माझ्या दुकानाची फरशी झिजवलीय त्यांनी. ते पाय हलले नाहीत. डब्याची एक बाजू झाली, ती दुसऱ्या बाजूला गेली, तरी हलले नाहीत. मध्येच एक तापलेला थेंब खाली पडला तो थेट त्यांच्या चपलेत, बोटांच्या बेचक्यात. मला चटका बसल्यासारखा मी दचकलो. त्यांचा जबडा घट्ट झाला, कपाळावर शीर उठली, डोळ्यांतून पाणी आलं. नळी हलली नाही.

"झालं," ती म्हणाली.

मग काय विचारता! टोक सोडून हा माणूस एका पायावर जो नाचत सुटला, तो पाण्याच्या बादलीपर्यंत गेला आणि बादलीत पाय घालूनच थांबला. सूनबाईने हेल्मेट वर केलं. "सांगितलं का नाही?"

"तू जोड मारत होतीस ना," बादलीत पाय ठेवून ते म्हणाले. मग लंगडत आले, चष्मा लावला, आणि मुलीच्या हातचा जोड आयुष्यात पहिल्यांदा बघितला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मला शिवणीतलं कळतं. टाके एकसारखे पडले होते. त्यांनी जोडावरून हातमोज्यातलं बोट फिरवलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. मी गेलो नव्हतो, मुलगा गेला होता. त्याने सांगितलं, की व्याही आत आलेच नाहीत, तपासणी केंद्राच्या बाहेर लंगडत फेऱ्या मारत होते. सूनबाई कागद घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी आधी तो कागद बघितलाच नाही. विचारलं, "जड झाली का गाडी?"

ती म्हणाली, "त्या रिकाम्या डब्याइतकी मोकळी नाही."

"नाहीच असणार," ते म्हणाले.

त्यानंतरची गोष्ट. मी एका कोटाची बाही लावत बसलो होतो. व्याही आले, स्टुलावर बसले. मी मनातल्या मनात खडू वाचवायची तयारी केली. बाहीचा अर्धा घेर झाला, खडूला कुणी हात लावला नाही. बाही पुरी झाली. मी मान वर केली तर माणूस तसाच, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला. मी घाबरलो.

"व्याहीबुवा, बरं नाही का?"

"बरंय की."

"मग असे का बसलात?"

"तिचा फोन आला होता. त्यांच्या गॅरेजात कुणाची तरी नळी करायचीय. जोड तीच मारणार आहे. विचारत होती, बाबा, धरायला याल का."

"मग? काय म्हणालात?"

"म्हटलं, बघतो. सवड झाली तर येईन चार वाजता."

एवढं बोलून ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले, माझी कात्री उचलली, दोनदा उघडझाप केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले,

"मास्तर, आत्ताच गेलो तर बरं दिसेल का?"